आंबागडावर काही नाही

भंडाऱ्यात बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला आहे, की माझ्या लग्नाच्या वेळी माझं नाव विचारणारेसुद्धा त्यापेक्षा कमी होते. आणि ह्याच प्रश्नावर आमच्या घरची चूल आजवर पेटत आली आहे.

संपादकसाहेब फोनवर म्हणाले, "तुमच्या पर्यटन व्यवसायातले निवडक अनुभव लिहा." मला वाटलं, नंबर चुकला. आमचा व्यवसाय म्हणजे एक जीप. ती आमचे हे चालवतात, आणि मी त्यांच्या बाजूला बसून बोलते. जीप मधूनमधून बंद पडते, मी पडत नाही, असं माझा भाऊ म्हणतो.

आमचे हे अजिबात बोलत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. ते मूळचे विणकर. मागावर बसलेला माणूस बोलला तरी त्या खटखटाटात ऐकणार कोण? लहानपणापासून मागावर बसल्यामुळे त्यांनी बोलण्याचा नादच सोडून दिला. पुढे माग बंद पडला, सुताचं काही परवडेना, तेव्हा घरातलं होतं नव्हतं ते मोडून आम्ही एक वापरलेली जीप घेतली. माग गेला, खटखटाट मात्र जीपमध्ये तसाच राहिला, त्यामुळे ह्यांना काही परकं वाटलं नाही.

पहिल्यांदा जीप ठरवली ती आमच्याच गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायकांनी. चांदपूरच्या हनुमानाला जायचं होतं. त्या म्हणाल्या, "नुसता डायवर नको वो, सोबत बाईमाणूस पाहिजे." म्हणून मी बसले, ती आजपर्यंत उतरले नाही.

बाईमाणूस काहून पाहिजे, ते सांगते, कारण आमच्या धंद्याचं खरं मर्म तेच आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं की पर्यटक किल्ला, मंदिर, धरण बघायला येतात. तसं नाही. पुरुष येतात फोटो काढायला, मुलं येतात कुरकुरे खायला, आणि बायका दिवसभर एकाच गोष्टीच्या काळजीत असतात. ती त्या फक्त माझ्याच कानात सांगतात. त्यामुळे माझी पुंजी म्हणजे इतिहासाची माहिती नव्हे, तर रस्त्यावरची ओळखीची घरं. तुमसरला माझ्या मावसबहिणीचं घर, पवनीच्या वाटेवर एका शिंपिणीचं, आंबागडच्या पायथ्याशी वनखात्यात रोजीवर जाणाऱ्या मंदाबाईचं. "मंदाबाई, पाहुण्या आल्या वो," एवढं म्हटलं की ती बादली भरून ठेवते. गोंड राजांनी एवढा मोठा किल्ला बांधला, पण ही सोय केली नाही. ती मंदाबाईने केली.

आता जिल्ह्याबद्दल. आमचा जिल्हा फुटला तेव्हा भावाभावांच्या वाटणीत होतं तेच झालं. धाकट्याने म्हणजे गोंदियाने नागझिरा घेतलं, नवेगावबांध घेतलं, धबधबा घेतला. वाघ तिकडे गेले, पक्षी तिकडे गेले. थोरल्याच्या वाट्याला जुनं घर, देवघर आणि कलेक्टर कचेरी आली. त्यानंतर कित्येक वर्षं पाहुणे येऊन विचारायचे, "भंडाऱ्यातलं नागझिरा दाखवा." मी सांगायची, "ते गोंदियात गेलं." ते माझ्याकडे असं बघायचे, जसं काही मीच लक्ष न दिल्यामुळे ते जंगल रात्रीतून उठून चालायला लागलं.

मग उरलं काय? तर अड्याळचा हनुमान, मोहाडीची चौंडेश्वरी, पवनीचा कोट, रावणवाडीचं तळं, पितळेची दुकानं आणि आंबागड. पुढे कोक्याचं अभयारण्य झालं. यादी काही वाईट नाही. पण ती लोकांना कशी सांगायची, हे शिकायला मला वेळ लागला.

सुरुवातीला मी फार स्तुती करायची. नागपूरच्या एका बँकेतल्या बायका आल्या होत्या. भंडाऱ्याहून निघाल्यापासून मी आंबागड जो वाढवत नेला, तो तुमसर येईस्तोवर रायगडापेक्षा जरासाच लहान राहिला होता. बुरूज आकाशाला टेकले होते, विहिरीला तळ नव्हता. त्या बिचाऱ्या उन्हात वर गेल्या, आणि खाली येऊन त्यांच्यातली एक म्हणाली, "झालं? एवढंच?" दुसरी म्हणाली, "ह्यापेक्षा आमच्या सोसायटीची गच्ची बरी." परत येताना जीपमध्ये असं सुतक होतं, की ह्यांनीसुद्धा हॉर्न वाजवला नाही.

त्यानंतर एकदा माझी दाढ दुखत होती. गालाला हात लावून बसले होते. मागे एक वयस्कर नवराबायको. काकांनी उत्साहाने विचारलं, "आंबागडावर काय काय आहे?" बोलायला तोंड उघडवत नव्हतं. म्हटलं, "काही नाही हो तिथं. दगडं आहेत अन् माकडं आहेत."

ती दोघं वर गेली, आणि उतरली तेव्हा चेहरे उजळलेले. काका तर माझ्यावर तुटूनच पडले. "अहो, काय सुंदर जागा आहे! तो दरवाजा, ती तटबंदी! वरून जंगल बघितलंत कधी? तुम्हा स्थानिक लोकांना किंमतच नाही!" आयुष्यात बोलणी खाऊन इतकं समाधान मला कधीच झालं नव्हतं. घरी आल्यावर आमचे हे बऱ्याच दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, "असंच सांगत जा."

तेव्हापासून तो माझा नियम झाला. जागा कधी चढवून सांगायची नाही, पाडून सांगायची. पाहुण्याची अपेक्षा अशी खाली आणून ठेवायची, की तिथे नुसतं झाड असलं तरी त्याला आनंद व्हावा. कोक्याला निघताना लोक विचारतात, "वाघ दिसेल?" मी म्हणते, "वाघ कुठला? गाई दिसतील. नशीब असलं तर मोर." मग एक मोर दिसला तरी लोक टाळ्या वाजवतात. एका गृहस्थाला खरंच वाघ दिसला. तो इतका घाबरला, की खाली वाकून सीटमागे लपला आणि तिथून मलाच म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला होता ना!"

रावणवाडीला माझ्या ओळखीचे धनराजभाऊ आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात मासे धरणारं घराणं. पाहुण्यांना ते आपल्या डोंग्यातून थोडं फिरवून आणतात. डोंगा म्हणजे त्यांची मासेमारीची अरुंद नाव, बसल्यावर थोडी डुलते. माझा नियम त्यांनाही पटला, पण त्यांनी तो जरा जास्तच मनावर घेतला. बायका डोंग्यात पाय ठेवता ठेवता विचारतात, "भाऊ, बुडणार नाही ना?" तर हे शांतपणे सांगतात, "बुडला त बुडला. मले पोहता येते." काठाला परत लागल्यावर त्या बायकांना जो आनंद होतो, तो काश्मीरला जाऊनसुद्धा होणार नाही.

तर असा माझा नियम. पण नियमाचं वळण एकदा जिभेला पडलं, की जीभ माणूस बघत नाही. ते मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले आहे.

माझा मोठा भाऊ अड्याळला राहतो. साड्या आणि धोतरांचा जुना व्यापार. त्याची मुलगी अश्विनी, आमची आशू, कृषी सहायक आहे. स्कूटी घेऊन धानाच्या बांध्यांवरून हिंडते. खराब बियाणं विकणारा दुकानदार तिची स्कूटी दिसली की जेवायला घरी जातो. पोरगी हुशार, कमावती, पण लग्न जमेना. आधी दोन ठिकाणचे लोक बघून गेले. जाताना दोघांनीही "आम्ही कळवू" म्हटलं, ते अजून कळवताहेत. दादाने वरवर काही दाखवलं नाही. पण दुसऱ्या वेळेनंतर संध्याकाळी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसणं त्याने सोडलं, कारण येणारा-जाणारा विचारायचा, "काय झालं मंग पोरीचं?"

तिसरं स्थळ आलं ते चांगलं होतं. निखिल नावाचा मुलगा, नागपूरला कंपनीत. वडील नाहीत. आई पुण्याला शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त. ती आणि तिचा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, दोघं मुलासोबत आले. मामा हा माणूस कुठल्याही स्थळात खोट काढायलाच जन्माला आलेला असतो. ह्या मामांनी पोह्यातली मोहरीसुद्धा दोन बोटांत धरून बघितली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. लांबून आलेल्या पाहुण्यांना मुलगी दाखवून लगेच परत पाठवत नाहीत. जेवू घालायचं, आजूबाजूला फिरवून आणायचं, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी पाहुण्यांनी आपलं मत सांगायचं. मामा पाय लांब करत म्हणाले, "इकडे बघण्यासारखं आहे तरी काय?"

दादाची छाती फुगली. "माही बहीणच दाखवते ना! नागपूर-मुंबईचे लोक येतात तिच्याकडे."

निखिल हळूच म्हणाला, की अश्विनी सोबत आली तर थोडं बोलणं होईल. दादाने धोतर सावरलं आणि हो म्हटलं. निघताना मी आशूला गाडीत चढवत होते, तेव्हा ती माझ्या कानाशी लागली. "आत्या, हा मले बरा वाटून राहिला. बाबांनी आधीच्या दोघांसाठी मले विचारलं तवा मी नुसती मान हालवली होती. ह्या वेळी हालवायची नाई, मले खरंच पाहिजे हा. तू फक्त जास्त बोलू नको."

"मी कायले बोलू?" मी म्हणाले, आणि पुढच्या सीटवर चढून लगेच बोलायला सुरुवात केली.

आमच्या धंद्यात क्रम ठरलेला असतो. देव आधी, म्हणजे म्हातारी माणसं खूश. किल्ला नंतर, पोट मध्ये, पितळ शेवटी. मोहाडीला देवीचं दर्शन झालं. तुमसर सोडून गाडी आंबागडाच्या रस्त्याला लागली, तसं निखिलच्या आईने विचारलं, "किल्ल्यावर काय आहे?"

जीभ तयारच होती. "काही नाही हो, ताई. दगडं आहेत अन् माकडं आहेत."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मग मी खालीच थांबते. माझे गुडघे दुखतात."

माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात माझ्यावर विश्वास ठेवणारी ही पहिलीच बाई भेटली.

मामाही म्हणाले, "दगडं काय, पुण्याला भरपूर आहेत." पायथ्याशी गाडी उभी राहिली. निखिल आणि आशू पायऱ्यांनी वर गेली. इतक्या झपाझप, की त्यांना किल्ला बघायचा नव्हता हे कुणालाही कळलं असतं. मंदाबाईच्या अंगणाजवळ मोहाचं मोठं झाड आहे. त्याच्या सावलीत मी सतरंजी टाकली. मामा चिवड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले. आमचे हे फडकं घेऊन जीप पुसायला लागले.

निखिलच्या आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुख्याध्यापिकेची सवय. मग म्हणाल्या, "तुम्ही आत्या आहात. आई-वडील काय, चांगलंच सांगतात. तुम्ही खरं सांगा. मुलगी कशी आहे?"

आणि मी तोंड उघडलं.

"काय सांगू, ताई! साधीच आहे. फार अपेक्षा नका ठेवू. पोळ्या करते, पण नकाशे होतात. एक पोळी भंडारा जिल्ह्यासारखी, एक गोंदियासारखी. सुट्टीच्या दिवशी लवकर उठत नाही. तापट आहे. एकदा बोलायला लागली की समोर सरपंच आहे का सचिव, ते बघत नाही."

आमचे हे खोकले. मला वाटलं, धुरळा गेला असेल.

"घरात हात कमी चालतो, स्कूटीवर जास्त. आणि गाणंबिणं काही..."

ते पुन्हा खोकले. माझ्या नवऱ्याचा दुसरा खोकला म्हणजे दुसऱ्या माणसाचं भाषण. मी त्यांच्याकडे बघितलं. फडकं हातात तसंच, आणि डोळे असे, जसे मागावर तुटलेला धागा बघताना व्हायचे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पोरीचा आंबागड करत होते!

मामांचा हात चिवड्यात थांबला होता. इतका आनंदी मामा मी कधी बघितला नव्हता.

मी घाईघाईने सावरायला गेले. "म्हणजे तसं नाही हो! स्वयंपाक उत्तम करते. पहाटेच उठते."

"आत्ता म्हणालात उठत नाही," मामा म्हणाले.

"उठते ना. पण आवाज न करता उठते. त्यामुळे कुणाला कळत नाही."

"आणि तापट?"

"तापट कुठे? गाय आहे गाय."

"सरपंचाला बोलणारी गाय," मामांनी चिवडा तोंडात टाकला आणि बहिणीकडे झुकून, पण मला ऐकू येईल इतक्याच हळू म्हणाले, "ताई, घरचीच माणसं असं सांगतात तेव्हा विचार करावा. घाई नको. आपण कळवू."

निखिलच्या आईने फक्त पर्सची चेन ओढून बंद केली. त्या चेनचा आवाज मला अजून ऐकू येतो. वर पोरगी एका माणसाशी मनापासून बोलत होती, आणि खाली तिची सख्खी आत्या तिसऱ्या 'कळवू'चा पाया घालत होती. दादा पुन्हा खुर्ची टाकून बाहेर बसणार नव्हता. आणि आशू म्हणाली होती, जास्त बोलू नको.

आता स्तुती करून उपयोग नव्हता. जितकी करावी तितकी खोटी वाटत होती. एकच मार्ग दिसला. ही बाई एकदा वर गेली पाहिजे. माझं 'काही नाही' म्हणजे काय असतं, ते हिने डोळ्यांनी बघितल्याशिवाय ह्या गुंत्याचं टोक सापडणार नव्हतं.

मी म्हणाले, "ताई, चला ना वर."

"काही नाही म्हणालात ना?"

"नाहीच आहे. पण चला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखादं पोर कारण न सांगता बाहेर जाऊ द्या म्हणतं, तेव्हा बघतात तसं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मामा म्हणाले, मी नाही येत. मी म्हटलं, तुमची मर्जी, फक्त माकडांकडे लक्ष ठेवा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लोकांना आंबागडावर पाठवणं हा माझा धंदा, वर जाणं हा नाही. मी स्वतः शेवटची वर गेले तेव्हा माझी कंबर दिसत होती. पायऱ्या बऱ्यापैकी नीट केलेल्या आहेत, पण पायऱ्या नीट केल्या म्हणून माणूस नीट होत नाही. थोडं चढून झालं आणि माझा श्वास फाटला. गुडघे त्यांचे दुखत होते, पण हात त्यांनी मला दिला. एका वळणावर आम्ही दोघी दगडावर बसलो. ज्या बाईला दिवसभर बोलून थकवलं होतं, तिच्याशी एक शब्द बोलायला माझ्याकडे हवा नव्हती. बहुधा तीच देवीची कृपा.

त्याच म्हणाल्या, "माझं माहेर उमरेडचं. लग्न होऊन गेले ती गेलेच. मागोमाग भाऊही पुण्याला आला. आई-बाबा गेल्यावर इकडे येणंच संपलं."

मी मान हलवली.

वर पोहोचलो. दरवाजातून आत गेलं की तटाच्या दगडांतून झाडं उगवलेली दिसतात, बुरूज अजून अंग धरून उभे आहेत. त्या तटाशी गेल्या. खाली सगळं जंगल, मागे सातपुड्याच्या टेकड्यांची ओळ, पुढे धानाच्या बांध्या, आणि त्यांच्यात मधे मधे चमकणारी तळी. वारा होता. त्यांनी पदर आवरला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मीही पहिल्यांदाच तिथे गप्प उभी राहिले. माझ्याच जिल्ह्याकडे बघून मलाही वाटलं, अरे, हे तर चांगलंच आहे की! बरं झालं, हे गोंदियात गेलं नाही.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"अवो, मागं सरा ना! वाकून काय पाहून राहिले? पडाल त मी नाई उतरणार काढाले!"

आमची आशू. किल्ल्यावर एक जुनी विहीर आहे. भोसल्यांच्या काळात इथे कैदी ठेवायचे आणि तिचं खराब पाणी पाजून त्यांना मारायचे, असं सांगतात. निखिल तिच्यात डोकावून बघत होता, आणि आशूने त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरून ठेवली होती.

निखिल म्हणाला, "तळ दिसतोय का, ते बघतो."

"तळ पाहाचा असंन त पुण्याची विहीर पाहा. इथं पडले त माह्यावर नाव यीन! लोक म्हणतीन, तिसरा पाहुणा विहिरीत ढकलला."

निखिल हसत मागे झाला. आशूने मूठ सोडली नाही. म्हणजे नंतरही बराच वेळ सोडली नाही.

निखिलच्या आई हे सगळं ऐकत होत्या. हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चढल्यामुळे काही झालं. बघते तर त्या हसत होत्या, तोंडावर पदर दाबून.

"तापट आहे," त्या म्हणाल्या.

"ते मात्र खरंच सांगितलं होतं, ताई."

त्यांनी डोळे पुसले. तटाकडे, जंगलाकडे, तळ्यांकडे परत एकदा बघितलं. आणि दिवसभर पुण्याचं छापील मराठी बोलणारी ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "काहून वो बाई? हे काही नाही आहे?"

काय सांगणार? म्हटलं, "मी सगळ्यांना असंच सांगतो जी. जास्त सांगितलं की माणूस खट्टू होते. कमी सांगितलं की स्वतः पाहाते. आता तोंडाले वळणच पडलं."

"सगळ्यांबद्दल?"

"सगळ्यांबद्दल, ताई."

त्यावर त्यांनी पदर खोचला आणि त्या पायऱ्यांकडे वळल्या. हो नाही, नाही नाही. माझ्या नियमाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माझ्या बाजूला एक एक पायरी उतरत होतं, आणि त्याचं समाधान झालं की नाही, ते मला कळत नव्हतं.

खाली मामा जीपमध्ये काचा लावून बसले होते. चिवड्याची पिशवी मोहाच्या झाडावर होती, आणि तिच्याभोवती कुटुंबाची बैठक चालू होती. आमचे हे बाहेर उभे राहून अगदी श्रद्धेने ते बघत होते.

"माकडं!" मामा काच जराशी खाली करून ओरडले.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर पितळेचं दुकान मी वगळलं. गाडीत मागच्या बाजूला आशू आणि निखिल समोरासमोर बसून एकमेकांकडे न बघण्याचा असा प्रयत्न करत होते, की त्यापेक्षा बघितलं असतं तर कमी दिसलं असतं.

अड्याळला पोहोचलो. दादाने अंगणात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. चहा आला. आशू आत गेली, पण स्वयंपाकघराच्या दारामागे तिची सावली दिसत होती. दादाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि जमेल तेवढ्या सहज विचारलं, "मंग? कसं काय वाटलं, ताई?"

मामा पुढे सरकले. "त्याचं असं आहे, आम्ही तुम्हाला..."

"थांब," निखिलच्या आई म्हणाल्या. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं, आणि दादाकडे बघून म्हणाल्या, "काय सांगू? साधीच आहे मुलगी. काही विशेष नाही."

दादाच्या हातातली बशी तिरपी झाली आणि चहा धोतरावर गेला. त्याला तो कळलासुद्धा नाही. मामा समाधानाने चपलेत पाय घालायला लागले. दारामागची सावली हलली.

मी त्या बाईकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दुसरं बिस्कीट चहात बुडवत होत्या, आणि चेहरा असा सरळ, की त्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी.

"अगदी तुमच्या बहिणीच्या आंबागडासारखी आहे," त्या म्हणाल्या.

दादा उभ्या आयुष्यात आंबागडावर गेलेला नाही. तो बिचारा माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे काय वो, शकू?"

उत्तर मी देणार, तेवढ्यात आमचे हे उठले. जीपची किल्ली घेतली. म्हणाले, "पेढे आणतो."

"कायचे पेढे आणता, जवाईबापू?" दादा रडकुंडीला आला. "नाही म्हणून राहिल्या ना त्या!"

निखिलच्या आईने कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "इथे पेढे चांगले मिळतात का वो?"

"काही खास नाही, ताई," मी म्हणाले.

"मग जास्तीचे आणा," त्या म्हणाल्या.